घरबसल्या तपसाधना, तीस आठवडे: एका फूलवाल्याचा अभिप्राय

आधी व्यवहाराचं सांगतो, कारण विचारणारे बहुतेक जण तेच विचारतात. कॅथलिक केंद्रातली ही प्रार्थनेची साधना एकूण तीस आठवड्यांची. आठवड्यातून एकदा, बुधवारी संध्याकाळी सात वाजता, आपल्याला नेमून दिलेल्या मार्गदर्शकासमोर पाऊण-एक तास बसायचं. रोज घरी एक तास प्रार्थना आणि रात्री झोपायच्या आधी पंधरा मिनिटं दिवसाची उजळणी. महिन्यातल्या एका रविवारी मिस्सानंतर, म्हणजे चर्चमधल्या उपासनेनंतर, सगळा गट एकत्र, दुपारचं जेवण धरून. फी ठरलेली नाही, शेवटी पाकीट टाकायचं. मी तीन हजार टाकले. कोणी किती टाकले ते कोणी बघत नाही, हे मला आवडलं. केंद्र आमच्या वसई तालुक्यातलंच आहे. नाव लिहीत नाही, कारण पुढे चार तक्रारी आहेत आणि तिथल्या सिस्टर अल्तारची, म्हणजे वेदीवरची, फुलं माझ्याकडूनच घेतात.

तपसाधना म्हटलं की आपल्याकडे तीन दिवसांची रिट्रीट डोळ्यांपुढे येते. पिशवीत टॉवेल-साबण, मोबाइल जमा, फादरांची पाच प्रवचनं, शेवटी कन्फेशनची रांग, आणि सोमवारी घरी पहिलं भांडण. ही तसली नव्हे. जेझुइट संघ स्थापणाऱ्या संत इग्नेशियसची मूळ साधना तीस दिवसांची, घरदार सोडून मौनात करायची. १५४८ साली पोप तिसरे पॉल यांनी तिला मान्यता दिली. पण इग्नेशियसने सुरुवातीलाच वीस सूचना लिहिल्यात. त्यातली एकोणिसावी आमच्यासारख्यांची: ज्याच्या मागे कामधंदा आहे त्याने घर न सोडता, रोज दीड तास काढून हीच साधना करावी. केंद्राने त्या दीडाचा सव्वा केलाय. तेवढी सूट पुरेशी आहे असं ज्यांना वाटलं, त्यांच्या घरी बारावीची मुलगी नसावी.

आता मी का गेलो ते.

सत्तावीस वर्षांपूर्वी मी सेमिनरीत होतो, फादर व्हायचं शिक्षण घेत. दोन वर्षं चार महिने. मग परत आलो. का आलो ते लांबण आहे, थोडं मला कळलं होतं आणि थोडं तिथल्या फादरांना. आईने माझ्या पहिल्या मिस्साच्या जेवणासाठी किती डुकरं लागतील याचा हिशेब मनातल्या मनात करून ठेवला होता. ते डुकराच्या मटणाचं इंदल शिजलंच नाही. गावात कोणी वाईट बोललं नाही, फक्त म्हणायचे, "त्याला पाचारण नव्हतं." पाचारण म्हणजे देवाची हाक. हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की पाचारण म्हणजे रेशनकार्डासारखं काहीतरी असावं, कोणाकडे असतं, कोणाकडे नसतं, असं वाटायला लागलं.

आमच्या चर्चमधल्या मराठीत हा शब्द फादर-सिस्टरांसाठीच राखून ठेवलाय. पास्काकाळातल्या (ईस्टरपासूनच्या) चौथ्या रविवारी पाचारणांसाठी प्रार्थना होते, जगभर होते, १९६४ पासून. त्या दिवशी बाकांवरची लग्न झालेली माणसं मान खाली घालून दुसऱ्यांच्या मुलांसाठी प्रार्थना करतात (स्वतःचा मुलगा गेला तर जमीन कोण बघणार, ही धास्ती पोटात असतेच). त्याच १९६४ साली व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या सभेने, लिहून ठेवलं की पवित्र होण्याची हाक सगळ्यांनाच आहे, आणि कुटुंब म्हणजे घरातलं चर्च. कागद रोमहून निघाला, आमच्या बाकांपर्यंत पोचायला गाडी लेट आहे.

तर मी सेमिनरी सोडली, बाबांचा फुलांचा धंदा धरला. आसपासच्या वाड्यांतला चाफा, मोगरा, तगर गोळा करायचा आणि पहाटेच्या लोकलने दादरला न्यायचा. लग्न झालं. बायको नर्स. दोन मुलं. तीन वर्षांपूर्वी मुंबईत एका नात्यातल्या बाप्तिस्म्याला गेलो, तिथे डीकन होते, म्हणजे फादरच्या एक पायरी खालची दीक्षा घेतलेले. लग्न झालेले. झगा घालून वेदीवर उभे, आणि त्यांची बायको पहिल्या बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसलेली. असे कायमचे डीकन, म्हणजे पुढे फादर न होता डीकनच राहणारे, आमच्या लॅटिन (रोमन परंपरेच्या) चर्चमध्ये १९६७ पासून पुन्हा होऊ शकतात, हे मला पुस्तकातून माहीत होतं. डोळ्यांनी पहिल्यांदा पाहिलं. परतीच्या लोकलमध्ये अंधेरीपासून वसईपर्यंत मला दुसरं काही सुचलं नाही. देव उधारी फेडतोय असंच वाटलं.

तपसाधनेला नाव घातलं ते त्यासाठी. देवाला काय हवंय ते शोधायला वगैरे नाही. ते मला ठाऊक होतं. मला फक्त शिक्का मारून हवा होता.

मार्गदर्शक म्हणून फादर मिळतील अशी अपेक्षा होती. मिळाल्या एक निवृत्त शिक्षिका, नातवंडं असलेल्या. अख्खा गट त्यांना टीचर म्हणतो, मीही म्हणायला लागलो. खरं सांगतो, पहिल्या दिवशी माल हलका आलाय असं वाटलं. त्यांनी माझी सेमिनरीची कथा ऐकली, मान हलवली आणि विचारलं, "रोज एक तास कुठून काढणार?"

मी म्हटलं, लोकलमध्ये.

"गाडीत जपमाळ होते. हे नाही होत. तुमचा दिवस सांगा."

मी सांगितला. तीनला उठणं, दादर, दहापर्यंत परत, जेवण, झोप, चारपासून वाड्या फिरून माल उचलणं, रात्री बांधाबांध. कागदावर मांडून बघितल्यावर सकाळी अकराचा तास निघाला, तोही मागच्या खोलीत, जिथे ओली पोती वाळत घालतो. घरात तेव्हा आई झोपलेली असते आणि बाकी कोणी नसतं. पहिले पाच आठवडे मीही रोज झोपलो. टीचरना लाजत सांगितलं तर म्हणाल्या, "जाग आली की किती वाजले ते वहीत लिहीत जा." सहाव्या आठवड्यात झोप अकरा चाळीसवर आली, मग अकरा पन्नासवर, मग गेली.

ही वही या साधनेतली सर्वांत कामाची वस्तू. रोज रात्रीच्या उजळणीत दिवस मागे फिरवून बघायचा: कुठे मन भरून आलं, कुठे आटलं. आणि आपला एक दोष धरून त्याच्या खुणा करायच्या. इग्नेशियसने स्वतः त्यासाठी रेघा आखून दिल्यात, दिवसाला दोन रेघा, खुणा मोजायच्या, आजच्या कालच्याशी ताडून बघायच्या. धंदेवाल्या माणसाला हे लगेच कळतं, ही सरळ जमाखर्चाची वही आहे. छापील पुस्तिकेत 'सांत्वन' आणि 'खिन्नता' असे दोन रकाने होते. मला ते शब्द तोंडात बसेनात, म्हणून मी ओलं आणि कोरडं असं लिहायला लागलो. चाफा ओल्या फडक्यात टिकतो, कोरड्यात तासाभरात काळा पडतो. टीचरना ते इतकं आवडलं की त्यांनी दुसऱ्या दोघांनाही तसंच लिहायला सांगितलं.

पुस्तिकेबद्दल मात्र बोलायलाच हवं. भाषांतर कोणी केलंय माहीत नाही. इग्नेशियस म्हणतो की निर्णय घेण्याआधी मन कुठल्याही एका बाजूला झुकलेलं नको. पुस्तिकेत त्याला शब्द वापरलाय 'उदासीनता'. झालं. गटातल्या एका ताईंनी आठवडाभर उदास राहण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला. टीचरनी मला विचारलं, तुम्ही काय समजलात? मी म्हटलं, मला नाही कळलं. त्या म्हणाल्या, "तुमच्या तराजूचा काटा रिकामा असताना कुठे असतो?" मध्ये. "तसं. माल टाकायच्या आधी काटा मध्ये हवा." नंतर कळलं की तराजूचा दाखला त्यांचा नाही, इग्नेशियसचाच आहे, आणि मार्गदर्शकासाठीही त्याने तेच लिहिलंय: त्यानेही काट्यासारखं मध्ये राहायचं, कोणत्या बाजूला ढकलायचं नाही. मग पुस्तिकेत 'काटा मध्ये' एवढं लिहायला काय हरकत होती? आमच्याकडे आता इलेक्ट्रॉनिक काटा आहे, पण बाबांचा पितळी तराजू खुंटीला आहे. त्या रात्री काढून पुसला. मूळचा तो रिकामाही डावीकडे झुकतो. बाबा प्रामाणिक होते, उजव्या पारड्याला त्यांनी एक तार बांधलेली आहे. बाकीचा अर्थ मी त्या रात्री लावत बसलो नाही, सकाळी तीनला उठायचं होतं.

वेळेची तक्रार. बॅच गणपतीनंतर सुरू होते, म्हणजे दसरा-दिवाळी पहिल्या दोन महिन्यांत. मग नाताळाआधीचा आगमनकाळ येतो, तेव्हाच बाहेर मार्गशीर्षातले गुरुवार असतात. माझं कॅथलिक घर कोणाच्या देवांवर चालतं ते यावरून कळेल. गुरुवारचा माल बुधवारी संध्याकाळी उचलावा लागतो आणि आमची भेट नेमकी बुधवारी सातला. टीचरनी चार आठवडे मंगळवार करून दिला. पण ऑफिसातून त्यांनाच दोन शब्द ऐकावे लागले असं दिसलं. रोजच्या जगण्यातली तपसाधना म्हणायची आणि रोजचं जगणं वेळापत्रकात बसत नाही म्हणून तोंड वाकडं करायचं, हे बरोबर नाही.

अकराव्या आठवड्यात मी डीकनचा विषय पूर्ण रंगात आणला. टीचरनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "घरी काय म्हणाली?"

"कोण?"

"तुमची बायको. तिच्या संमतीशिवाय होत नाही ना ते?"

होत नाही. चर्चचा कायदाच आहे: लग्न झालेला माणूस डीकन व्हायचा तर वय किमान पस्तीस हवं आणि बायकोची संमती हवी. मी कायदा वाचला होता. वय मोजलं होतं. पुढचं कलम, फॉर्मवर शेवटी सही लागते ना, तसं धरून चाललो होतो.

बायकोची नाइट ड्यूटी संपून ती सुट्टीवर होती. मुलांचे युनिफॉर्म इस्त्री करत होती. मी सगळं सांगितलं. तिने इस्त्री उभी करून ठेवली.

"किती दिवस चाललंय हे?"

"अकरा आठवडे."

"आणि मी कितव्या आठवड्यात येते?"

मला उत्तर आलं नाही. ती म्हणाली, "डीकनची बायको मेली तर त्याला दुसरं लग्न करता येत नाही, हे वाचलंस का?" वाचलं होतं. "मग ठीक आहे," म्हणून हसली, आणि मला वाटलं सुटलो. मग तिने दुसरा शर्ट घेतला आणि शर्टाकडे बघतच सांगितलं की २०१६ साली तिला आयर्लंडच्या एका हॉस्पिटलची नोकरी लागली होती. मुलाखत पास झाली होती, पत्र आलं होतं. मला यातलं काही माहीत नव्हतं.

"सांगितलं नाहीस."

"आईंची कंबर मोडली होती. तू पैशांच्या मागे होतास. मी त्यांच्या पलंगाकडे बघितलं आणि ईमेल पुसून टाकला. देवाला विचारायला वेळ नव्हता."

या सेवेची माझी सर्वांत मोठी तक्रार इथे आहे. नावनोंदणीच्या फॉर्मवर 'वैवाहिक स्थिती' असा एक रकाना आहे. तीस आठवड्यांत त्याचा पुन्हा उल्लेख नाही. हाक वैयक्तिक असते, मान्य. देव प्रत्येकाला नावाने हाक मारतो, मान्य. पण लग्न झालेल्या माणसाला हाक आली की घरातल्या दुसऱ्या माणसाचा दिवस हलतो, आणि आमच्या घरात एकाने हाक ऐकावी म्हणून दुसऱ्याने फोन बंद ठेवला होता. इग्नेशियस ब्रह्मचारी होता, त्याच्याकडून ही अपेक्षा नाही. केंद्राकडून आहे. दहाव्या आठवड्याच्या आसपास नवरा-बायकोची एकत्र एक भेट ठेवा, एवढंच मी पाकिटाबरोबर चिठ्ठीत लिहून दिलंय. टीचर म्हणाल्या, त्याही हेच सांगत आल्यात.

त्यानंतर टीचरनी प्रार्थनेला नवीन काही दिलं नाही. म्हणाल्या, वही पहिल्या पानापासून वाचा. पंपलोनाच्या लढाईत, १५२१ मध्ये, तोफगोळ्याने पाय मोडून इग्नेशियस घरी पडून होता, तेव्हा त्याला दोन प्रकारची स्वप्नं पडायची, जागेपणीच. एक सरदारकीची, दुसरी संतांसारखं जगण्याची. दोन्हीत रंगायचा. फरक नंतर कळायचा: पहिल्यानंतर मन कोरडं, दुसऱ्यानंतर बराच वेळ प्रसन्न. एवढ्या बारीक गोष्टीवर पुढची सगळी साधना उभी आहे.

माझ्या वहीत डीकनचं स्वप्न चौदा वेळा होतं. प्रत्येक वेळी गाव बघतंय, आई व्हीलचेअरवर पुढे, आणि मी बायबलमधलं शुभवर्तमान वाचतोय. वाचताना गोड. पण त्या पानांवर शेवटी माझ्याच अक्षरात 'कोरडं'. ओल्याच्या रकान्यात काय निघालं, तर फालतू गोष्टी. सोपाऱ्याच्या एका फूलवालीचा मोगरा माझ्या पोत्यात घेऊन गेलो ते. मुलीचं रसायनशास्त्र मला कळत नसताना तिच्याशेजारी बसून राहिलो ते. आणि आईला भरवलं ते, सहा वेळा. फक्त सहा. अकरा आठवड्यांत सत्त्याहत्तर रात्री होतात. उरलेल्या कोणी भरवलं ते वहीत नव्हतं.

मला यातून लगेच 'डीकनचं वेड खोटं होतं' असं ठरवायचं होतं. टीचरनी तेही करू दिलं नाही. "काटा," एवढंच म्हणाल्या.

ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या आधी दोन आठवडे नाझरेथ होतं. येशू बारा वर्षांचा झाल्यापासून तिशीपर्यंतचं घर. तिथे जाऊन बसायचं, बघायचं, ऐकायचं, अशी प्रार्थना. मला येशूचा गालील प्रांत काही दिसेना, आमची जुनी वाडी दिसली, बावखलाच्या (वाडीतल्या तळ्याच्या) काठावरची, रहाट बंद पडलेला. येशूला वाढवणारा योसेफ माझ्या बाबांसारखा पाठमोरा. मी रोज अकरा वाजता जाऊन बसायचो आणि तो काहीतरी बोलेल याची वाट बघायचो. दोन आठवड्यांत एक शब्द नाही. टीचरना सांगितलं तर म्हणाल्या, शुभवर्तमानांतही त्याच्या तोंडी एक वाक्य नाही, तुमच्याशी कशाला बोलेल.

महिन्याच्या रविवारच्या भेटी मात्र मला सामान्य वाटल्या. गाणी जास्त, जेवण चांगलं. एकच रविवार लक्षात राहिला. एका फादरांनी लुई आणि झेली मार्टिन या फ्रान्समधल्या जोडप्याबद्दल सांगितलं. तो घड्याळजी, ती लेस विणून विकणारी, दोघांनाही आधी मठात जायचं होतं आणि दोघांनाही घेतलं नाही. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी दोघांना एकत्र संतपद दिलं. चहाच्या वेळी मी म्हटलं, फादर, फ्रान्सला कशाला जाताय, आपला गोन्सालो गार्सिया आहे की. वसईचा पोरगा, जपानात जेझुइटांबरोबर आठ वर्षं राबला, त्यांनी संघात घेतलं नाही, मग व्यापार केला, मग मनिलाला जाऊन फ्रान्सिस्कन संघात गेला, तेही फादर नाही, ब्रदर. १५९७ साली नागासाकीला क्रुसावर. त्याच्या नावाचं कॉलेज आहे वसईत, पण तो दुकानदार होता हे कोणी सांगत नाही. फादर म्हणाले, पुढच्या वेळी तुम्हीच सांगा. तेव्हापासून मी त्यांना टाळतोय.

बाकी किरकोळ. बसायच्या खोलीतला पंखा आवाज करतो, म्हणून बंद ठेवतात, म्हणून मच्छर. खुर्च्या शाळेतल्या, पाठ धरते. पार्किंग आहे. चहा सिस्टर स्वतः करतात, आलं घालून. पाचपैकी किती, असं मुलाने विचारलं. टीचरना पाच, पुस्तिकेला एक, वेळापत्रकाला दोन. बेरीज करून भागायला मी तयार नाही, ज्यांना जायचंय त्यांनी कशासाठी जायचं ते बघावं. निर्णय विकत मिळेल म्हणून जाऊ नका. आणि घरच्यांपासून लपवून तर मुळीच नाही.

डीकनचा विषय बंद झालेला नाही. बायको म्हणते, मुलीची बारावी होऊ दे, मग दोघं मिळून फादरांशी बोलू. आयर्लंडचा विषयही तिने पुन्हा काढला नाही, मी काढला, ती म्हणाली आता वय गेलं, तरी त्या दिवशी रात्री तिने फोनवर काहीतरी बराच वेळ बघितलं.

या गणपतीनंतरच्या बॅचला तिचं नाव आहे. तिला ड्यूटीमुळे बुधवारच सोयीचा पडला. म्हणजे गुरुवारचा माल उचलायला आता भाचा जाईल, आणि सातला आईला मी भरवणार. फॉर्म भरताना तिने माझा एकही अनुभव विचारला नाही, फक्त मच्छर किती आहेत ते विचारलं. खूप आहेत. ओडोमॉस घेऊन जा.